मावशीचं फाटक

परवा आम्हा अंगणवाडीच्या बायांना तालुक्याला बोलावून ताणतणाव कसा हाताळायचा याचं ट्रेनिंग दिलं. नागपूरहून एक सर आले होते. पांढरा शर्ट, हातात माइक, मागे पडद्यावर कमळाचं फूल. सर म्हणाले, डोळे मिटा, खोल श्वास घ्या आणि मनाला सांगा की मी टेन्शन घेणार नाही. ज्या साहेबामुळे आमच्यातल्या निम्म्या बाया बीपीच्या गोळ्या खातात, तो साहेब पहिल्या रांगेत बसला होता, आणि सगळ्यांत आधी त्याचेच डोळे मिटले. मला असा राग आला की श्वास घ्यायचं राहूच द्या, घेतलेला सोडायचंही सुचेना.

टेन्शन घेऊ नका म्हणे. हे वाक्य ज्याने काढलं त्याला एकदा माझ्यासमोर आणून उभं करा. जसं काही टेन्शन बाजारात ढीग लावून ठेवलेलं असतं आणि आम्ही पिशवी घेऊन हौसेने निवडायला जातो. नवरा म्हणतो घेऊ नको, डॉक्टर म्हणतो घेऊ नका, आणि जो देतो तोही वरून म्हणतो, मॅडम, तुम्ही फार टेन्शन घेता बुवा.

आमच्या एका घरमालकिणीच्या अंगणात हे वाक्य बोलायला बंदी होती. जो बोलेल त्याने हापशीवरून पाणी आणून अंगणातलं टाकं भरायचं, मग तो भाडेकरी असो की भाडेकऱ्याचा साळा. एकदा विम्याचा एजंट आला होता, त्याच्या तोंडून गेलं. त्या बिचाऱ्याने टाय मागे टाकून बादल्या वाहिल्या. ती बाजेवर बसून बघत होती आणि सांगत होती, "टेन्शन कोनी घेत नाई रे बाबू. कोनी तरी देते. कोनं देल्लं ते सांग, बाकी श्लोक नोको म्हनू."

तिला सगळे मावशी म्हणायचे. पाठीमागे फाटकवाली. वरठीला स्टेशनापासून थोडं पुढे तिच्या ओळीने बांधलेल्या खोल्या होत्या. समोर लांबट अंगण, कोपऱ्यात कडुनिंब आणि रस्त्याच्या बाजूने एक लोखंडी फाटक. भाडेकरी सगळे नोकरीवाले, कोणी कारखान्यात, कोणी रेल्वेत, एक शाळेत शिपाई. आमचे हे एका राईस मिलमध्ये होते. धान उकडून उसना तांदूळ काढायची मिल, भिजल्या धानाचा आंबूस वास यांच्या अंगाला असा बसलेला की साबण हरला. मी करडी गावची, लग्न होऊन नवीनच आलेली. गोंदिया आमच्या जिल्ह्यातून वेगळा होऊन काही वर्षं झाली होती. त्यावरही मावशीचं म्हणणं ठरलेलं होतं, की एका जिल्ह्याचे दोन केले तर साहेबही दुप्पट झाले, म्हणजे टेन्शनही दुप्पट झालं, एवढं साधं सरकारला कसं कळलं नाही.

दिसायला उंच, हाडकुळी. चष्म्याची एक दांडी तुटलेली, तिथे सुतळी. आणि तोंडात कायम बोट. आमच्याकडे बायांना गुडाखूचं व्यसन असतं, म्हणजे ती तंबाखूची काळी पेस्ट दातांना घासत बसायची. मावशी सकाळ-संध्याकाळ घासायची. तोंड भरलेलं असल्यामुळे तिचं बोलणं कमी आणि थुंकणं जास्त होतं. नव्या माणसाला किळस यायची. जुन्यांना तिच्या थुंकण्यावरूनच कळायचं की सांगितलेलं पटलं की नाही.

तिचा नियम असा होता. संध्याकाळी ड्युटीवरून आलेला बाप्या माणूस सरळ घरात जाणार नाही. सायकल असो की मोटारसायकल, फाटकाबाहेर स्टँडवर लावायची, आणि दिवसभरात जे झालं ते तिथे उभं राहून मोठ्याने बोलायचं. याला ती टाकणं म्हणायची. टाक आणि मग ये. फाटकाच्या आत तिची बाज. ती उपदेश करायची नाही, धीर द्यायची नाही, हं सुद्धा म्हणायची नाही. तिचे प्रश्न ठरलेले. कोनं? कायले? मंग तू काय म्हनलं? कोणी, कशापायी आणि मग तू काय म्हणालास, एवढी उत्तरं नीट आली की ती थुंकायची, कुलूप काढायची आणि हातपाय धुवायला पाठवायची. किल्ली तिच्या पदराला.

देवाचं नाव चालायचं नाही, नशिबाचंही नाही. एकाने उन्हाची तक्रार केली तर म्हणे, उन्हाले नाव नाई, पंखा लाव. माणसाचं नाव पाहिजे. आणि सगळ्यांत जास्त चिडायची ती "काई नाई झालं" म्हणणाऱ्यावर. काही नाही झालं म्हणणारा माणूस घरात जाऊन फोडतो, हे तिचं पक्कं मत. अशाला ती फाटकाबाहेर तसाच ठेवायची, चहा प्यायची, शेजारणीशी बोलायची. मग तो आपोआप बोलायचा. कारखान्यातल्या एकाला साहेबाने शाबासकी दिली, तो खुशीत आला, तरी त्याला थांबवलं. तेही टाक म्हणे, नाही तर घरात जाऊन बायकोपुढे साहेब होशील.

शाळेतला शिपाई एकदा अडून बसला. हे माझं खाजगी आहे म्हणाला. मावशीने कुलूप काढलंच नाही. तो गेला मागच्या भिंतीवरून उडी मारून, आणि घटकाभरात त्याच्या पोराच्या रडण्याचा आवाज आला. मावशी उठली, त्याच्या दारात गेली आणि खोली खाली करायला सांगितली. तो म्हणाला, माझं पोरगं आहे. ती म्हणाली, खोली माही आहे. महिना संपायच्या आत त्याला जावं लागलं.

हे खूळ तिच्या डोक्यात आलं कुठून, ते तिने मला पुढे कधीतरी धान निवडताना सांगितलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या गावांमधून मारबत, म्हणजे इडापिडेचा पुतळा, काढतात. सारं गाव शिवेपर्यंत ओरडत जातं, खोकला घेऊन जा गे मारबत, ताप घेऊन जा, ढेकूण-मच्छर घेऊन जा. ज्याला जे नको ते तो ओरडतो. मावशी लहान होती तेव्हा तिच्या बापाने बौद्ध धम्म घेतला. देव घरातून गेले, उपासतापास गेले, आणि मारबतीला जाणंही बंद झालं. ते सगळं बरंच झालं म्हणायची ती, तिच्या बापावर तिची फार माया. "मारबत खोटी होती, पोरी. पन बोंब खरी होती. बाबानं दोन्ही संगंच फेकून देल्लं." म्हणून तिने मारबत बापाच्या शब्दाखातर सोडूनच ठेवली आणि बोंब तेवढी उचलून आणली. वर्षातून एकदाच कशाला म्हणून रोज सुरू केली. आणि शीव कुठे शोधायची, म्हणून फाटक.

माझं लग्न नवीन होतं तेव्हा मला हे सगळं मोठं मजेचं वाटायचं. मी माहेरी गेले की सांगायची, सगळे पोट धरून हसायचे. मग मजा ओसरली. मला दिसायला लागलं की हे फाटक फक्त बाप्यांसाठी आहे. दिवसभर आम्ही त्या खोल्यांमध्ये पाण्यापायी भांडायचो, पोरांचे ताप काढायचो, सासूचे निरोप गिळायचो, आमचं कोण विचारत होतं? मी एकदा म्हटलंच तिला, मावशी, बायांनी कुठे टाकायचं? तर ती बोट न काढता म्हणते, बाया त आंगनातच राह्यते, त्याईले फाटक कायले? आणि थुंकली. मी ताडकन उठून आत आले. अशी ती होती. स्वतःच्या शोधावर एवढी खूष की त्याच्या बाहेर काही असतं हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

आणि आमचे हे. यांच्याबद्दल लिहिताना आजही माझा हात जड होतो, पण लिहीन. हे फाटकावरचे सगळ्यांत आवडते माणूस. यांच्या गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, नाटक व्हायचं त्यात हे विनोदी काम करायचे. नकला अशा करायचे की मूळ माणूस फिका पडावा. मिलचा मुकादम पोट पुढे काढून कसा चालतो, शिवी द्यायच्या आधी पान या गालातून त्या गालात कसं नेतो, मालक आला की आवाज कसा पातळ होतो. हे फाटकाला आले की खोल्यांमधून माणसं बाहेर यायची. लेकरं कडुनिंबाच्या पारावर चढायची. मावशी तर हसून हसून चष्मा पुसायची. यांना ती प्रश्नच विचारायची नाही. सगळं टाकून राहिला पोट्टा, म्हणायची, असं टाकाले पायजे.

आणि मग हे आत यायचे. दाराची कडी लागायची आणि चेहरा उतरायचा. जेवताना एक शब्द नाही. मी बोलले तर का बोलली, नाही बोलले तर तोंड का फुगवलं. आधी ताट सरकवायचे. मग ताट आपटायला लागले. मग एकदा दंड धरून ढकललं, आणि दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही असे वागले. मी कोणाला सांगणार? जो माणूस रोज संध्याकाळी सगळ्या अंगणाला हसवतो, तो घरात असा आहे हे कोण मानणार होतं? मी अंगणात बसले की बाया मला म्हणायच्या, तुझं बरं आहे बाई, तुझा नवरा रोज मोकळा होऊन येतो.

त्या दिवशी भात थोडा गिल्ला, आसट झाला होता. पोरगी तेव्हा रांगत होती, तिच्या मागे धावण्यात भाताचा गंज, म्हणजे पातेलं, वेळेवर उतरवायचा राहिला. हे बाहेर फाटकावर मुकादम करून आले होते, आणि आज तर फारच रंगला होता. ताटाकडे बघितलं आणि म्हणाले, दिवसभर तांदूळ, घरी येऊन हे. आणि भाताचा गंज उचलून फेकला. तो माझ्या कोपराला लागून खाली पडला, पोरीच्या अगदी बाजूला. गरम भात तिच्या पायाजवळ सांडला. ती रडलीही नाही, नुसती बघत राहिली. आणि बाहेर यांच्याच नकलेवर हसणं अजून चालू होतं. ते हसणं मी आजपर्यंत विसरले नाही.

सकाळी हे मिलला गेल्यावर मी पोरीला कडेवर घेतलं आणि सरळ मावशीच्या बाजेपुढे जाऊन उभी राहिले. करडीला निघून जायचं मनात पक्कं होतं, पण जायच्या आधी या बाईला ऐकवून जायचं होतं. मी म्हटलं, तुमच्या फाटकाला आग लागो. तिथे तुम्ही सगळे हसता आणि माझ्या घरात गंज उडतात. तुम्ही त्यांना मोकळं करून पाठवता म्हणता, कुठे मोकळं करता? बाहेर हसू टाकतात आणि जे टाकायचं ते आत घेऊन येतात. तुम्हाला काय, तुम्हाला फुकटचं नाटक. असं बरंच बोलले. तोंडाला येईल ते बोलले. कोपर दाखवलं.

मावशीने बोट तोंडातून काढलं. तांब्या घेऊन चूळ भरली. दिवसा उजेडी तिचं तोंड रिकामं मी पहिल्यांदाच बघितलं. मग तिने मला विचारलं, जसं ती बाप्यांना विचारायची तसंच.

"कोनं?"

मी म्हटलं, यांनी.

"हे मनजे कोन? माह्या फाटकात हे चालत नाई. मुकादमाचं नाव सारे घेते, साहेबाचं घेते. तू बी घे."

आता हे आजच्या पोरींना सांगून कळायचं नाही. त्या नवऱ्याला नावाने हाका मारतात, आणि बरं करतात. आमच्यात नवऱ्याचं नाव लग्नात उखाण्यात घेतलं ते घेतलं. पुढे अहो, आमचे हे, पोरीचे बाबा. रेशनच्या दुकानात विचारलं तरी मी शेजारणीकडून सांगायची. मावशी वाट बघत बसली. कडेवर पोरगी माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती. मग मी नाव घेतलं. उखाण्याशिवाय, रागाने, पूर्ण नाव. घेतल्याबरोबर मला रडू आलं. भीतीने नाही, हे लिहून ठेवते. एवढे दिवस माझ्या जिभेवर त्या माणसाचं नाव नव्हतं आणि माझ्या अंगावर त्याचा हात होता, याचा संताप आला.

"कायले?"

भात गिल्ला झाला म्हणून, मी म्हटलं. ती म्हणाली, भातासाठी कोणी गंज फेकत नाही, पण ते आपण संध्याकाळी बघू. मग तिने शेवटचा प्रश्न विचारला, मंग तू काय म्हनलं? मी म्हटलं, काही नाही. तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली, आणि म्हणाली, तू बी काई नाई वालीच निघाली.

मग तिने सांगितलं, तिचा नवरा खाणीत होता. दिवसभराचं तो कधी काही सांगायचा नाही. हाताने सांगायचा. त्याच्या मागे तिने हे फाटक बसवलं. "तो होता तवाच बसवाले पायजे होतं," म्हणाली. आणि काल आपण यांच्या नकलेला हसत होतो, हेही तिने तोंडाने कबूल केलं. मी तेवढ्याने निवले नाही. पण करडीची बस सोडली.

संध्याकाळी हे आले. माणसं सवयीने बाहेर आली. यांनी मोटारसायकल लावली, पोट पुढे काढलं आणि मुकादम सुरू केला. मावशी म्हणाली, आज नक्कल नोको. तिने पदराची किल्ली सोडून माझ्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आज इची बारी आहे."

मी फाटकाच्या आत, हे बाहेर. मध्ये गज. मी परत नाव घेतलं. सगळ्या अंगणासमोर सांगितलं, कोणी, काय, कुठे लागलं, पोरगी किती जवळ होती. आवाज खाली येऊ दिला नाही. बायांनी पदर तोंडावर घेतले. यांचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. घरातली गोष्ट बाहेर काहून काढून राहिली, म्हणाले. मी म्हटलं, घरात ती कुठून आली ते तुम्ही सांगा.

यांनी मोटारसायकलला लाथ मारली. ती आडवी पडली. मग हे तिच्या बाजूलाच मातीत बसले. मावशीने विचारलं, कोनं? तेव्हा यांनी मुकादमाचं नाव घेतलं, नकलेतला आवाज न काढता, स्वतःच्या आवाजात. गंज फेकला त्या दिवशी मिलमध्ये धानाची एक भट्टी जास्त शिजली होती. मुकादमाने सगळ्या मजुरांसमोर यांच्या थोबाडीत मारली होती, आणि ते पहिल्यांदा नव्हतं.

"मंग तू काय म्हनलं?"

"काई नाई," हे म्हणाले. "हसलो. त्यानं मारलं अन् मी हसलो, मावशी."

खोटं कशाला सांगू. इतका वेळ राग होता तिथे कणव आली, आणि मी किल्ली घेऊन पुढे झालेही. मावशीने माझा हात धरला. ती यांच्याशी बोलत होती पण हात माझा धरला होता.

"त्यानं मारलं ते तुह्यं दुःख होय. तू मारलं तो तुहा गुन्हा होय. दोन्ही एका गंजात नोको टाकू."

आणि मला म्हणाली, उघडायचं की नाही ते तू ठरव, मी सांगणार नाही. मी नाही उघडलं. हे उठले, मोटारसायकल उभी केली आणि मोहाडीला भावाकडे गेले.

हे काही दिवसांनी परत आले. फाटकाशी उभे राहिले, माझी माफी मागितली, हसवलं नाही. मी उघडलं. मावशी एवढ्यावर सोडणारी बाई नव्हती. तिने यांना मिलला पाठवलं. जिथून आणलं तिथे वापस देऊन ये म्हणे, हाताने नाही, तोंडाने. हे गेले आणि सगळ्या मजुरांसमोर मुकादमाला बोलले. मालकाने मुकादमाला काही म्हटलं नाही आणि यांना कामावरून काढलं. आमचे फार हाल झाले. धान पिकवणाऱ्या जिल्ह्यात राहून शेजारणीकडून तांदूळ मागायची वेळ आली. त्या दिवसांत मी मावशीला मनात काय काय बोलले असेन. खोलीचं भाडं घेणं तिने बंद केलं, तरी मला तिचा राग होताच. थोडा आजही आहे. खरं बोलल्यावर काय होतं हे तिने आम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं. मी अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागले ती तेव्हाच, पोटासाठी, आणि पुढे सेविका झाले. हे ऑटो चालवायला लागले.

यांनी पुन्हा हात उचलला नाही असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. एकदा उचलला. मी मागे सरले नाही. मी नाव घेतलं, फाटकावर घेतलं होतं तसंच, पूर्ण, मोठ्याने. हात तिथेच थांबला. हे बाहेर जाऊन ऑटोत बसून राहिले. त्यानंतर मात्र कधी नाही.

फाटकावर पुढे बायांचीही बारी लागायला लागली. सकाळची, बाप्ये कामावर गेल्यावर. मावशीला कानाने कमी ऐकू यायला लागलं तेव्हा आम्हाला जास्त मोठ्याने ओरडावं लागायचं, आणि मला वाटतं त्याचा जास्तच फायदा झाला. ती गेली तेव्हा तिचा नागपूरचा मुलगा आला, त्याने खोल्या विकल्या आणि फाटक भंगारात दिलं. मी त्याला म्हटलं, अरे, फाटक तरी ठेव. तो मला म्हणाला, ताई, टेन्शन घेऊ नका. टाकं तेव्हा फुटलेलं होतं, नाही तर मी त्याच्याकडून भरून घेतलं असतं.

तर परवाचं ट्रेनिंग. शेवटी सरांनी डोळे उघडायला सांगितले आणि विचारलं, आता कोणाला मन मोकळं करायचं आहे का? हॉलमध्ये एवढ्या बाया, एकही उठेना. पहिल्या रांगेतला साहेब घड्याळ बघत होता. मागच्याच मिटिंगमध्ये याने आमच्यातल्या एका बाईला, जिची पोरगी दवाखान्यात ॲडमिट होती, मोबाईलवर माहिती वेळेत भरली नाही म्हणून सगळ्यांसमोर उभं केलं होतं आणि ती रडायला लागल्यावर म्हणाला होता, नाटकं मंडईत करायची. ती बाई या ट्रेनिंगला आलीच नव्हती. आणि त्या मिटिंगमध्ये आम्ही सगळ्या खाली बघत बसलो होतो.

मी उठले. सरांनी माइक माझ्याकडे पाठवला. मी म्हटलं, माझं टेन्शन मी घेतलेलं नाही, मला दिलेलं आहे, आणि कोणी दिलं ते सांगते. सर घाईघाईने म्हणाले, मॅडम, इथे कोणाचं नाव नको, फक्त तुमची भावना सांगा.

मी साहेबाचं नाव घेतलं. पूर्ण नाव, आडनावासकट.

साहेबाची मान हळूहळू मागे वळली. सरांनी माइकसाठी हात पुढे केला. माझ्या शेजारची माझा पदर ओढून मला खाली बसवायला लागली, आणि एक क्षण मलाही वाटलं की बसावं.

तेवढ्यात मागून, अगदी शेवटच्या रांगेतून एका बाईचा आवाज आला. आंबागडकडची नवीन सेविका. ती वरठीला कधी राहिली नव्हती, मावशीचं नावही तिने कधी ऐकलं नव्हतं.

"कायले?" तिने विचारलं. "सांग बाई, मोठ्यानं सांग. आमी आयकून राह्यलो."